सतरा कॅलरींचा पाला आणि परळची लॅब

शंभर ग्रॅम रोमेन लेट्यूसमध्ये फक्त १७ कॅलरी असतात. जवळजवळ ९५ टक्के नुसतं पाणी! एका पोळीच्या शंभरेक कॅलरी धरल्या, तर तेवढ्यासाठी अर्धा किलोहून जास्त पाला चावत बसावं लागेल. डाएटवाले खूश, आणि बाकीचे म्हणणार, "मग खायचाच कशाला?"

गंमत म्हणजे हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका फार हुशार माणसालाही पडला होता. विल्बर अ‍ॅटवॉटर, अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात केमिस्ट्रीचा प्रोफेसर. १८९०च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली बांधली. माणसाला काही दिवस आत ठेवायचं, खाल्लेलं मोजायचं, बाहेर पडलेलं मोजायचं, अंगातून निघालेली उष्णतासुद्धा मोजायची. इनपुट, आउटपुट, लॉस... आपल्यासारख्यांना एकदम पटणारं काम! प्रोटीनच्या आणि कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमला ४, फॅटच्या ग्रॅमला ९ कॅलरी, हा हिशोब त्याच्याच कामातून आला. पाकिटांवरच्या लेबलांमागे आजही तोच आहे.

पण अ‍ॅटवॉटरकडे मोजायला एवढंच होतं. त्यामुळे गरीब कामगारांना त्याचा सल्ला असा, की कमी पैशात जास्त ऊर्जा देणारं घ्या. हिरव्या भाज्या म्हणजे चैन. त्याच्या डेटानुसार बरोबरच! फक्त टेबलमध्ये एक अख्खा कॉलमच नव्हता. तो १९०७ मध्ये गेला आणि 'व्हिटामिन' हा शब्द आला १९१२ मध्ये.

आता मुंबईत या. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर इथे आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा, त्यात जीवही जायचा. जंतू सापडेना. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना तिने बायकांच्या ताटात काय असतं तेही बघायला सुरुवात केली. गरीब घरांत भाजी, फळं, दूध जेमतेम. उंदीर, मग माकडं, असं करत ती पोचली मार्माइटपर्यंत. मार्माइट म्हणजे यीस्टचा तो काळा, खारट अर्क. तो दिल्यावर बायका बऱ्या व्हायला लागल्या. हे तिने १९३१ मध्ये छापलं. आतलं नेमकं काय काम करतंय हे माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणायचे.

उत्तर मिळालं १९४१ मध्ये, अमेरिकेत. तिथल्या तिघांनी चक्क काही टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला नाव दिलं, फोलिक अ‍ॅसिड. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत दिसलं, की गरोदरपणाच्या आधीपासून ते घेतलं तर बाळाच्या मणक्यातले आणि मेंदूतले जन्मजात दोष खूपच कमी होतात.

आता परत त्या १७ कॅलरींकडे बघा. त्याच शंभर ग्रॅममध्ये साधारण १३६ मायक्रोग्रॅम फोलेट असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० लागतं, म्हणजे एक तृतीयांश तिथेच झालं. बर्गरमधल्या कुरकुरीत आइसबर्ग लेट्यूसमध्ये कॅलरी जवळपास तेवढ्याच, १४, पण फोलेट जेमतेम २९. नुसत्या कॅलरी बघितल्या तर दोघं जुळे भाऊ!

आणि रोमेनच पाहिजे असंही काही नाही हं. आपल्या पालकात १९४ असतं. फक्त तो उकळून पाणी ओतून दिलंत, तर बरंचसं फोलेट त्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातं.