तुटलेले नाणे जोडावे का?

चांदी हा मऊ धातू. सोनार तिची केसासारखी तार ओढतो. मिठाईवरचा वर्खही चांदी ठोकूनच होतो. मग दोन हजार वर्षांपूर्वीचे चांदीचे नाणे पाकिटात घालून टपालाने पाठवले, तर ते कधी कधी बिस्किटासारखे दोन तुकडे होऊन का पोहोचते? नाणी जमवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पाकिटावर पोस्टाचा शिक्का जोरात बसला किंवा एखादे जड पार्सल येऊन पडले, की तेवढे पुरते. तुकडे हाती आल्यावर पहिला विचार मनात येतो तो जोडण्याचा. ते जोडावेत का, हे ठरवण्याआधी नाणे का तुटले ते पाहू.

चांदी ठिसूळ का होते?

प्राचीन नाण्यांतील चांदी क्वचितच शुद्ध असे. तिच्यात थोडे तांबे असे, अल्प प्रमाणात शिसेही असे. तापलेल्या घन चांदीत सुमारे ९ टक्क्यांपर्यंत तांबे विरघळून राहू शकते. थंड चांदीत मात्र त्याला जवळजवळ जागाच नसते. टाकसाळीत नाणे भराभर थंड होई, त्यामुळे तांबे आतच अडकून पडे. पुढे शतकानुशतके ते अतिशय मंद गतीने बाहेर पडत राहते आणि धातूच्या सूक्ष्म स्फटिककणांच्या सीमांवर साचते. जमिनीतील क्षारयुक्त ओल नेमक्या याच सीमांवर हल्ला करते. शिवाय नाणे हातोड्याच्या घावाने पाडलेले असल्याने आत ताण शिल्लक असतोच. कण शाबूत, पण त्यांना धरून ठेवणारी बंधने ढिली, अशी नाण्याची अवस्था होते. अशा नाण्याचा ताजा तुटका भाग भिंगाखाली खडीसाखरेसारखा दाणेदार दिसतो. थॉम्प्सन आणि चटर्जी या संशोधकांनी १९५४ साली चांदीच्या नाण्यांच्या या ‘वार्धक्यातील ठिसूळपणा’वर निबंध प्रसिद्ध केला होता.

म्हणजे टपालातील धक्का हे केवळ निमित्त. आणि नाणे तुटल्यामुळेच आपल्याला त्याच्या आत पाहायला मिळते! दाणेदार पृष्ठभाग हा नाणे खरोखर जुने असल्याचा एक पुरावा असतो. काल ओतलेल्या बनावट नाण्यात हा बदल सहजासहजी आणता येत नाही.

वजनातला इतिहास

नाणे मोडले तरी त्याचे वजन मोडत नाही. मात्र सगळे कण गोळा करायला हवेत. हे वजन किती बोलके असते, ते दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी दाखवून दिले. गोव्यात जन्मलेले हे गणिती पुण्यातील फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना आहत नाण्यांकडे वळले. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाच्या या चांदीच्या तुकड्यांवर ना राजाचे नाव, ना सन. फक्त सूर्य, टेकडी, प्राणी अशा चिन्हांचे ठसे. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली असा एक मोठा साठा मिळाला. त्यात अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अऱ्हिडायसचे एक नाणे होते. त्यामुळे साठा पुरला जाण्याचा काळ ढोबळमानाने ठरला. पण त्यातील आहत नाण्यांत आधीची कोणती आणि नंतरची कोणती?

हातोहात फिरताना नाणे झिजते. एका नाण्याच्या वजनावरून काही कळत नाही, कारण टाकसाळीतून निघतानाच वजनांत थोडा फरक असतो. शेकडो नाण्यांची सरासरी काढली, की झीज दिसू लागते. कोसंबींना असे आढळले, की नाण्याच्या मागील बाजूवर जितके ठसे अधिक, तितके सरासरी वजन कमी. मागचे ठसे हे चलनात असताना वेळोवेळी झालेल्या तपासणीचे, हा त्यांचा निष्कर्ष यातून निघाला. अशा रीतीने काही मिलिग्रॅमच्या फरकातून मुक्या नाण्यांचा क्रम लागू लागला.

डाख देऊन जोडलेल्या नाण्याचे वजन या हिशेबात धरता येईल का? डाखाबरोबर कथील आणि शिसे आत शिरते, म्हणजे वजनाबरोबर रासायनिक पृथक्करणही बिघडते. उलट चिंच, लिंबू किंवा आम्ल लावून नाणे ‘चकचकीत’ केले तर वजन घटते. नाणे भट्टीत तापवून ठिसूळपणा कमी करण्याचा उपायही पूर्वी वापरला जाई. तापवल्यावर तांबे पुन्हा चांदीत विरघळते आणि धातू मऊ होतो. पण शतकांची जी नोंद कणांच्या सीमांवर झाली होती, ती पुसली जाते.

इजा की साक्ष?

प्रत्येक इजा ही हानीच असते असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. नहपानाचा चेहरा त्या घावांनी बिघडला; पण त्याच घावांनी सांगितले, की नहपानाच्या चलनावर आता सातवाहनांची हुकमत आली. कुणी ते चेहरे ‘दुरुस्त’ केले असते तर हा पुरावा हरवला असता.

यावर कोणी म्हणेल, की टपालात झालेली मोडतोड म्हणजे काही इतिहास नव्हे. ते खरेच आहे. तुकडे एकमेकांवर घासून कडा झिजत असतील, लेख वाचता येत नसेल किंवा नाणे प्रदर्शनात ठेवायचे असेल, तर जोडणे योग्य ठरते. पण मग जोड उलटवता येईल असाच हवा. संग्रहालयांतील तज्ज्ञ त्यासाठी पॅरालॉइड बी-७२ सारखे अ‍ॅक्रिलिक राळेचे द्रावण वापरतात. ते अ‍ॅसिटोनने पुन्हा सोडवता येते. जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याचे वजन आणि छायाचित्र घ्यावे आणि जोडल्याची नोंद नाण्याबरोबर कायम ठेवावी. नोंद न ठेवता बेमालूम जोडलेले नाणे पुढच्या अभ्यासकाला फसवते, आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही. यांपैकी काही शक्य नसेल, तर तुकडे तसेच मऊ खाचेत, न हलतील असे ठेवणे हाच उत्तम उपाय.

शाळेसाठी दोन गोष्टी

विद्यार्थ्याला शेतात किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर ती घासू नयेत, वाकवून पाहू नयेत आणि टपालाने कोणाकडे पाठवूही नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तज्ज्ञांचे मत हवे असेल तर छायाचित्र, वजन आणि व्यास एवढे कळवणे सुरुवातीला पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोसंबींचा प्रयोग वर्गात करता येतो. १९९२ पासून निघालेली जाड, तांबे-निकेलची पाच रुपयांची नाणी जमतील तितकी जमवा. त्यांचे मूळ वजन ९ ग्रॅम. प्रयोगशाळेतील तराजूवर प्रत्येक नाणे तोलून सनवार सरासरी काढा आणि आलेख मांडा. नाणी मात्र आधी धुऊ किंवा घासू नका, आणि एखादे नाणे चेपलेले असेल तर ते वगळायचे की नाही, हे वर्गानेच चर्चा करून ठरवावे.