मोराचं पोट सुटलं

आजचा एपिसोड अजिंठ्याचा, पण सुरुवात आमच्या वरंधपासून.

घाटाखालच्या एका अंगणवाडीची भिंत हे मी पैसे घेऊन केलेलं पहिलं काम. बाराखडी, पालखी आणि मोठा मोर. वरून चकचकीत ऑइल पेंट, कारण फोटो भारी येतो. ऑगस्टमध्ये फोन आला, "दादा, मोराचं पोट सुटलंय." जुन्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधत होती आणि मी तिचं तोंडच बंद केलं होतं. चूक माझीच. पैसे परत केले, आणि मग अजिंठ्याबद्दल वाचायला बसलो.

१८७२ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करायला लागले. काम १८८५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं चाललं. पुढे नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्या पोरांतलेच. म्हणजे त्यांची उमेदवारी दुसऱ्याच्या भिंतीसमोर बसून झाली. आणि भिंत तरी कसली! कातळावर माती, तीत भाताचं तूस आणि झाडांचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर रंग: काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. तूस तर आमच्याकडे भातगिरणीबाहेर ढिगानं पडलेलं असतं, मी कधी वळून बघितलं नव्हतं.

पण रंग उठून दिसावेत म्हणून त्याच काळात मूळ चित्रांवर वॉर्निश मारलं गेलं. ते पिवळं पडलं. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) पुढे निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे जाणकार आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे पक्के केले, पण वर लाखेचा लेप दिला. तोही काळवंडला, आणि नंतर पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं. नकलांचं नशीब तर आणखी वाईट. रॉबर्ट गिलनं आधी केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, ग्रिफिथ्सच्या पोरांच्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत, त्याही लंडनमध्येच. भिंत मात्र अजिंठ्यात उभी आहे.

दिवाळीनंतर मी अंगणवाडीत परत गेलो. सगळा ऑइल पेंट खरवडला, भिंत सुकू दिली आणि चुन्यावर नवा मोर काढला. फोटोत जरा फिका दिसतो.