आगकाड्यांची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या युनियनच्या कचेरीत एक भांडण झाले. भांडणे आम्हांला नवी नाहीत. तीस वर्षे ती मिटविण्यातच गेली. पण हे भांडण दहा-बारा वर्षांच्या मुलांचे होते, आणि ते मिटविताना आमचीच पंचाईत झाली. आजचा विषय त्यातूनच निघाला.

कंत्राटी सफाई कामगारांच्या पाच मुलांनी टॅबलेटवर एक हलती गोष्ट तयार केली. आगकाड्या पेटीतून बाहेर पडतात, रांगेने चालू लागतात, एक मोडकी काडी मागे राहते. बाकीच्या परत फिरतात आणि तिला उचलून नेतात. एवढीच गोष्ट, चाळीस सेकंदांची. रीत अगदी साधी. वह्यांच्या दोन चळती रचून त्यांवर टॅबलेट आडवा ठेवावयाचा, खाली काड्या मांडावयाच्या आणि चित्र घ्यावयाचे. मग काडी तांदळाच्या दाण्याएवढी सरकवावयाची आणि पुन्हा चित्र घ्यावयाचे. काडी किती सरकली ते कळावे म्हणून ॲप मागचे चित्र पुसटसे दाखवीत राहते. बारा चित्रांचा एक सेकंद. म्हणजे चाळीस सेकंदांना चारशे ऐंशी चित्रे! मुलांना चार दिवस लागले.

शेवटी नावे आली. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, आवाज अशी चार मुलांची चार नावे. पाचवी मुलगी. तिचे नाव कोठेच नाही. "तिने नुसत्या काड्या सरकवल्या," मुले म्हणाली. आणि टॅबलेट तिचाच! २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा तिच्या आईने हप्त्यांवर घेतलेला, काच तडकलेली. ज्याच्या हाती साधन त्याचे नाव होते, असे आम्ही सभांतून आयुष्यभर सांगत आलो. येथे साधन तिचे, श्रम तिचे आणि नाव इतरांचे. आमचे शास्त्र तेथे अपुरे पडले. तेव्हा आम्ही मुलांना दादासाहेब फाळके सांगितले. तेच आज आपणांपुढे थोडे विस्ताराने मांडतो. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही आहे ते वाचनालयाच्या बाकावरचे. चूकभूल द्यावी घ्यावी.

स्थिर चित्रातून गोष्ट हलविण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे करून रामायण-महाभारतातील कथा सांगत. पुण्यातल्या केळकर संग्रहालयात तशी चित्रे पाहावयास मिळतात. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला. त्यात हाताने रंगविलेल्या काचा दिव्यापुढे अशा चलाखीने सरकवीत, की पडद्यावरची आकृती हलल्याचा भास होई. 'नुसत्या सरकवणाऱ्यांची' परंपरा अशी जुनी आहे!

फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रण, मग छापखाना. भागीदारांशी पटले नाही म्हणून छापखाना सुटला. १९१२ साली लंडनहून त्यांनी कॅमेरा आणला, पण भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यापुढे रोवला. रोज एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर मात्र कोंब जमिनीतून वर येतो, पाने फुटतात, वेल चढते, आणि सारे पाहता पाहता उरकते. हा चित्रपट म्हणजे 'अंकुराची वाढ'. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी पैसे देण्यास तयार झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला खरा. पण राजाच्या आधी वाटाणा येऊन गेला होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि भांडवलाचा झरा आटला. १९१५ साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच काड्या नाचविल्या होत्या. काडीला पोशाख नको, जेवण नको, पगार नको. ही सोय पैसेवाल्यांना नेहमीच आवडते. पण काडी आपण होऊन हलत नाही! फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसत, आणि मूकपटाच्या काळात एका सेकंदाला साधारण फूटभर फिल्म जाई. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे. मुलांची चूक झाली तर बोटाने पुसता येते. फाळक्यांना फिल्म धुऊन होईपर्यंत चूक कळत नसे. कळली की सारे पुन्हा पहिल्यापासून.

आणि ही फिल्म कोणाच्या हातून जात होती? सरस्वतीबाई फाळक्यांच्या. फिल्मच्या कडांना भोके पाडावयाची, रसायने कालवावयाची, फिल्म धुवावयाची, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहावयाचे, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करावयाचा. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच. त्या काळच्या मोजमापाने हे 'नुसते' काम!

पुढे प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगपट तिने काढले. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याच जागेत १९६० साली चित्रपटाची सरकारी शाळा उघडली. अशा चित्रपटांत मुख्य चित्रे मोठा कलावंत काढतो. मधली शेकडो चित्रे त्याचे हाताखालचे काढतात, कोणी गिरवतो, कोणी रंग भरतो. अमेरिकेत डिस्ने यांच्या कारखान्यात गिरवण्याचे व रंगवण्याचे काम बहुतेक मुलींकडे असे, आणि पगारही सर्वांत कमी तेथेच. १९३७ च्या 'स्नो व्हाईट'ने अमाप पैसा मिळविला. पण त्यावर राबलेल्या कित्येकांची नावे पडद्यावर आली नाहीत. मे १९४१ मध्ये तेथे संप झाला. पगार आणि संघटनेची मान्यता हे मुद्दे होतेच, पण पडद्यावर नाव हवे, हीही मागणी होती. संप यशस्वी झाला, संघटनेस मान्यता मिळाली. त्या डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईस आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागातल्या आपल्या तरुणांना त्यांनी ही कला शिकविली. राम मोहन त्यांतलेच.

त्याच फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' काढला. चित्रे भीमसेन यांची. पक्षी जाळ्यासकट उडतात, ती गोष्ट. दूरदर्शनवर एका पिढीने ती पाहिली. आमच्या कित्येक सभांना जे साधले नाही, ते त्या पक्ष्यांनी काही मिनिटांत साधले, हे कबूल केले पाहिजे.

मुलांनी हे सारे ऐकून घेतले. मधेच एकाने वाटाण्याला किती दिवस लागले म्हणून विचारले. मग चौघे कोपऱ्यात जाऊन कुजबुजले आणि मुलीला येऊन म्हणाले, "तुझे नाव घालतो, 'साहाय्य' म्हणून." ती नाही म्हणाली. साहाय्य कोणी कोणाला केले, हे आधी ठरवा, म्हणाली. तासभर वाटाघाटी चालल्या. आम्ही मुद्दाम बाहेर चहा घेत बसलो. ठरले ते असे, की पदे कोणालाच नाहीत. पाच नावे, आगकाड्यांनी लिहिलेली, एकामागून एक पडद्यावर सरकत येतील. आणि आता प्रत्येकाने आपापले नाव स्वतः सरकवावयाचे.

पहिल्या मुलाने वीस चित्रांतच हात टेकले. "पाठ दुखते," म्हणाला. मुलगी टॅबलेटमागे बसली होती. "काडी तिरकी झाली," तिने सांगितले, "पुन्हा घे." नावांना काड्या कमी पडल्या, तेव्हा आणखी दोन पेट्या आणवल्या. त्यांचा खर्च आम्ही कचेरीच्या किरकोळ खात्यावर टाकला. खजिनदार अजून पावती मागत आहेत.