‘घोस्टवॉच’ : सूत्रधार, संकेत आणि भय

३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, हॅलोवीनच्या रात्री, बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवरून ‘घोस्टवॉच’ हे सुमारे ९० मिनिटांचे भयनाट्य प्रक्षेपित झाले. स्टीफन व्होल्क यांची संहिता, लेस्ली मॅनिंग यांचे दिग्दर्शन. नॉर्थोल्ट येथील एका साध्या घरातील भुताटकीचा ‘थेट’ शोध, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्यक्षात सारे आधीच चित्रमुद्रित झालेले होते. ते ‘स्क्रीन वन’ या नाट्यमालेत दाखवले गेले, आणि आरंभी लेखकाचे नावही पडद्यावर उमटले. तरीही कोटीभर प्रेक्षकांपैकी अनेकांनी ते सत्य मानले आणि बीबीसीकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला.

‘प्रेक्षक भोळे होते’ हे या प्रतिसादाचे रूढ स्पष्टीकरण अपुरे आहे. रसप्रतीतीतील विघ्नांची चर्चा करताना अभिनवगुप्तांनी पूर्वरंग व प्रस्तावना यांना महत्त्वाचे कार्य नेमून दिले आहे. समोरचे भय माझे नाही, आणि नटाचेही नाही, ही जाणीव त्यांमुळे सिद्ध होते. ‘शाकुंतला’तील भ्यालेल्या हरिणाचे भय म्हणूनच आस्वाद्य ठरते. सूत्रधार प्रेक्षकाला नाट्याच्या उंबरठ्यापर्यंत आणतो आणि निघून जातो. ‘घोस्टवॉच’मध्ये मात्र तो जातच नाही. मायकेल पार्किन्सन हे नामवंत मुलाखतकार आणि मुलांच्या कार्यक्रमांमुळे घरोघरी परिचित असलेल्या सारा ग्रीन स्वतःच्याच नावाने वावरतात. एरवी वास्तवाची हमी देणारी माणसेच येथे पात्रे झाली, आणि लेखकाच्या नावाचा क्षणिक संकेत त्यांच्या परिचित चेहऱ्यांपुढे निष्प्रभ ठरला.

संहितेचे कौशल्य याहून सूक्ष्म आहे. मध्यावर घरातील थोरली मुलगी स्वतःच ठोके वाजवताना पकडली जाते. संशयी प्रेक्षकाचा संशय खरा ठरतो, आणि तो निर्धास्त होतो तोच पुढचे अरिष्ट ओढवते. शेवटाकडे स्टुडिओत शांत घराचे चित्र दिसत असते. ते जुने मुद्रण आहे हे परामानसशास्त्रज्ञ पात्राच्या ध्यानात येते. हे प्रक्षेपणच देशव्यापी प्रेतावाहन ठरल्याचे तिला उमगते. अखेरीस अंधाऱ्या स्टुडिओत पार्किन्सनच झपाटले जातात. प्रेक्षकाला बाहेर नेण्यासाठी उरलेला एकमेव सूत्रधारही असा हिरावला जातो.

पडद्यावर दिलेला दूरध्वनी क्रमांक बीबीसीचा खराखुरा क्रमांक होता. त्यावर फोन लागल्यास हे नाट्य असल्याचा निरोप ऐकू येई. पण फोनच इतके आले की अनेकांना तो लागलाच नाही. संकेत होता, तो पोहोचला मात्र नाही. वाचक-प्रतिसादाची मीमांसा करणाऱ्यांनी या तांत्रिक अडथळ्याकडे जरा गंभीरपणे पाहायला हरकत नाही.

मात्र या प्रकरणाकडे केवळ संकेतभंगाचा आनंददायी खेळ म्हणून पाहणे अनुचित ठरेल. प्रक्षेपणानंतर आत्महत्या केलेल्या एका तरुणाच्या पालकांनी त्या मृत्यूचा संबंध या कार्यक्रमाशी जोडला. १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन दहावर्षीय मुलांच्या आघातोत्तर मनोविकाराची नोंद आली. १९९५ मध्ये प्रसारणाच्या निकषांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने बीबीसीवर ठपका ठेवला. त्या मुलांच्या बाबतीत भयानक रसाची निष्पत्ती झाली, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या वाट्याला आले ते लौकिक भय. बीबीसीने ‘घोस्टवॉच’ ब्रिटिश दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखवले नाही. २००२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ते घरी पाहण्यासाठी उपलब्ध केले, तेव्हा ते नाट्य असल्याचे वेष्टनावरूनच कळत होते.