कंटेनर व्यवस्थापकातील कालबाह्य नेटवर्क मांडणी

कंटेनर व्यवस्थापकातील कालबाह्य नेटवर्क मांडणी हा संगणक-प्रशासनात आढळणारा एक दोष आहे. यजमान संगणकाचा आयपी पत्ता बदलल्यानंतरही डॉकर, पॉडमन यांसारखा कंटेनर व्यवस्थापक, किंवा त्याने चालविलेले कंटेनर, जुन्याच पत्त्यावर विसंबून राहतात तेव्हा तो उद्भवतो. संगणक सुरू असतो, इंटरनेटही चालू असते. मात्र कंटेनरमधील सेवा बाहेरून उघडत नाही, किंवा कंटेनरला बाहेरचे जग दिसत नाही. जुना पत्ता एकाच जागी नव्हे तर अनेक जागी नोंदलेला असल्यामुळे व्यवस्थापक नुसता बंद-चालू करून हा दोष जातोच असे नाही. कोणती नोंद जुनी आहे हे न पाहता सर्व काही पुसून टाकण्याचा उपाय मात्र विदा कायमची गमावण्यास कारण ठरू शकतो.

पार्श्वभूमी

डॉकर ही प्रणाली मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी जाहीरपणे मांडली. लिनक्सवर ती स्वतःचा एक आभासी ब्रिज उभारते. त्याचा नेहमीचा पत्ता १७२.१७.०.१ असा असतो आणि कंटेनरांना त्याच मालिकेतील खासगी पत्ते मिळतात. बाहेरच्यांना फक्त यजमान संगणकाचा पत्ता दिसतो. त्यामुळे यजमानाचा पत्ता बदलला तरी ब्रिजवरील कंटेनरांचा परस्परसंपर्क सहसा अबाधित राहतो. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने निर्दोष ब्रिजच वारंवार नव्याने बांधला जातो.

पत्ता बदलण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे राऊटर बदलणे. समजा, पैठणसारख्या गावातील एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची कंटेनरमध्ये चालते. बी.एस.एन.एल.च्या अनेक मोडेमांची अंतर्गत मालिका १९२.१६८.१ अशी असते, तर जिओफायबरच्या राऊटरची १९२.१६८.२९ अशी. जोडणी बदलताच ग्रंथसूचीच्या संगणकाला नवा पत्ता मिळतो आणि जुन्या मालिकेवर बेतलेली प्रत्येक नोंद निरुपयोगी होते.

जुना पत्ता कोठे टिकून राहतो

पहिली जागा म्हणजे पोर्टची जोडणी. कंटेनर तयार करताना पोर्ट यजमानाच्या विशिष्ट पत्त्याला बांधला असेल, तर तो पत्ता नाहीसा झाल्यावर कंटेनर सुरूच होत नाही. मागितलेला पत्ता देता येत नाही अशा अर्थाचा संदेश येतो. ही जोडणी कंटेनरच्या निर्मितीच्या वेळीच ठरत असल्याने केवळ पुन्हा सुरू करून भागत नाही. पोर्ट ०.०.०.० या सर्वसमावेशक पत्त्याला बांधला असेल, तर ही अडचण येत नाही.

दुसरी जागा नावांच्या निराकरणाची. यजमानाच्या नेमसर्व्हरची यादी कंटेनर सुरू होतानाच घेतली जाते. वापरकर्त्याने निर्मिलेल्या नेटवर्कमध्ये कंटेनर १२७.०.०.११ या अंतर्गत सर्व्हरला विचारतो, पण तोही बाहेरचे प्रश्न त्या यादीकडेच पाठवतो. नेमसर्व्हर म्हणून जुन्या राऊटरचा पत्ता राहिला, की आकड्यांच्या पत्त्याने संपर्क होतो, नावाने होत नाही. हे या दोषाचे सर्वांत खात्रीचे लक्षण होय. बहुधा कंटेनर पुन्हा सुरू केल्याने यादी ताजी होते; नेमसर्व्हर डॉकरच्या मांडणी-फाईलमध्ये हाताने लिहिला असेल, तर तेथेच दुरुस्ती करावी लागते.

मॅकव्हीलॅन प्रकारच्या नेटवर्कमध्ये कंटेनरला थेट घरच्या जाळ्यातील पत्ता दिलेला असतो. त्याची मालिका व गेटवे बदलता येत नाहीत. ते नेटवर्क काढून नवे निर्माण करणे हाच मार्ग उरतो.

नव्या जाळ्याची मालिकाच डॉकरच्या मालिकेवर आली, तर प्रकरण वेगळे असते. अशा वेळी यजमान संगणक त्या मालिकेकडे जाणारा संदेश बाहेर न पाठवता स्वतःच्या ब्रिजकडे वळवतो. ब्रिजची व भावी नेटवर्कांची मालिका मांडणी-फाईलमध्ये बदलता येते, पण आधी निर्माण झालेली नेटवर्के जुनी मालिका सोडत नाहीत.

निदान आणि दुरुस्ती

प्रथम यजमानाचा सध्याचा पत्ता व मार्गसूची पाहावी. त्यानंतर 'डॉकर इन्स्पेक्ट' आणि 'डॉकर नेटवर्क इन्स्पेक्ट' या आज्ञांच्या उत्तरात जुना पत्ता शोधावा. कंपोज-फाईल, तिच्यासोबतची पर्यावरण-चलांची फाईल आणि अनुप्रयोगाची स्वतःची मांडणी यांतही तो दडलेला असतो. व्यवहारात दोष बहुतेकदा येथेच सापडतो.

कंटेनर नव्याने निर्माण करण्यापूर्वी विदा कोठे आहे हे ठरविणे अत्यावश्यक आहे. व्हॉल्यूममध्ये ठेवलेली विदा कंटेनर काढल्यावरही राहते. कंटेनरच्या स्वतःच्या थरात लिहिलेली विदा त्याच्याबरोबर नष्ट होते. 'कंपोज डाउन' या आज्ञेला व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय जोडल्यास संपूर्ण ग्रंथसूची एका क्षणात जाऊ शकते. डॉकरची विदा-निर्देशिका पुसणे तर उपायांत गणूच नये.

दुरुस्तीनंतर अनुप्रयोगाने यजमानाला आकड्यांनी न संबोधता 'होस्ट-गेटवे' या विशेष मूल्याशी जोडलेल्या नावाने संबोधावे. ही सोय डॉकर २०.१० पासून आहे. राऊटरमध्ये यजमानासाठी पत्ता राखून ठेवणे हा त्याहून सोपा बंदोबस्त.

समूहातील अडचण

अनेक संगणकांच्या समूहात पत्ता ही संगणकाची ओळखच असते. डॉकर १.१२ मध्ये, २०१६ साली, आलेल्या स्वॉर्म पद्धतीत व्यवस्थापक-संगणकांनी स्थिर पत्ता ठेवणे अपेक्षित आहे. कामकरी संगणकांचा पत्ता बदलला तरी चालतो. तीन व्यवस्थापकांपैकी एकाचाच पत्ता बदलला, तर उरलेल्या दोघांचे बहुमत कायम राहते आणि त्याला काढून पुन्हा सामील करता येते. व्यवस्थापक एकच असेल, तर आधी स्वॉर्मच्या निर्देशिकेची प्रत घेऊन नव्या पत्त्यासह समूहाची सक्तीने पुनर्स्थापना करावी लागते. कुबरनेटिसमध्ये याहून अधिक काम पडते, कारण तेथे नियंत्रक-संगणकाचा जुना पत्ता सुरक्षा-प्रमाणपत्रांत आणि ईटीसीडी या नोंदकोशाच्या मांडणीतही असतो. प्रमाणपत्रे नव्याने काढल्याखेरीज इतर संगणक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.