बेडकाची ढाल

संकुचित वृत्तीच्या माणसाला ‘कूपमंडूक’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खे सूक्त आहे खरे; पण पुढे त्या प्राण्याची सारी प्रतिष्ठा विहिरीत बुडाली. मी स्वतः पस्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि शेकडो बेडूक मुलांकडून चिरवून घेतले. त्यांचे हृदय दाखवले, आतडी दाखवली. कातडी मात्र सोलून बाजूला टाकायची वस्तू! त्या टाकलेल्या कातडीची हकिकत आज सांगायची आहे. तिला माझ्या घरच्या एका दुःखाचीही किनार आहे.

हकिकतीचा नायक म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील नखे असलेला बेडूक, झेनोपस लेव्हिस. १९३०च्या सुमारास लॅन्सलॉट हॉग्बेन या इंग्रज शास्त्रज्ञाने केपटाउन येथे त्याच्यावर काम केले आणि त्यातून गर्भधारणा ओळखण्याची चाचणी निघाली. गरोदर स्त्रीचे मूत्र मादीला टोचले की काही तासांत ती अंडी घाली. मग हे बेडूक देशोदेशीच्या प्रयोगशाळांत गेले. पुढे नव्या चाचण्या आल्या आणि ते काम संपले. पण त्यांच्या मोठाल्या अंड्यांमुळे जीवशास्त्रज्ञांनी त्यांना सोडले नाही.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ १९८६ साली हाच उद्योग करीत होते. बेडकीचे पोट चिरायचे, बीजकोश काढायचा, टाके घालायचे आणि तिला पुन्हा टाकीत सोडायचे. टाकीतले पाणी जंतूंनी भरलेले. जखम चिघळावी, पू व्हावा, हेच स्वाभाविक. पण ती निमूट भरून येई. हे दृश्य त्यांच्या आधी अनेकांनी पाहिले असेल. झॅस्लॉफना मात्र प्रश्न पडला, की असे का?

वाट अगदीच अनोळखी नव्हती. युरोपातील पिवळ्या पोटाच्या बेडकाच्या स्रावातून पेशी फोडणारे एक पेप्टाइड १९७० पर्यंत हाती लागले होते. आणि स्टॉकहोमच्या हान्स बोमान यांनी १९८१ साली एका पतंगाच्या शरीरातून जंतुनाशक पेप्टाइडे वेगळी काढली होती. झॅस्लॉफनी बेडकाच्या कातडीचा अर्क काढला, त्यातले घटक निरनिराळे केले आणि प्रत्येकाचा जंतूंवर परिणाम पाहिला. शेवटी दोन पेप्टाइडे उरली. प्रत्येकात २३ अमिनो आम्लांची साखळी, आणि दोघांत फरक केवळ दोन ठिकाणी. हिब्रू भाषेत ढालीला ‘मागेन’ म्हणतात. त्यावरून १९८७ साली त्यांचे नाव ‘मॅगेनिन’ असे पडले.

ही ढाल काम करते तरी कशी? जंतूच्या आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग ऋण विद्युत्भाराचा, तर मॅगेनिन धन भाराचे. म्हणून ते तिकडे ओढले जाते. आवरणापाशी पोचताच साखळीला मळसूत्रासारखा पीळ पडतो. त्याची एक बाजू पाण्याला धार्जिणी, दुसरी स्निग्ध पदार्थाला. ही दुसरी बाजू आवरणात शिरते, त्याला छिद्रे पडतात आणि जंतू रिता होऊन मरतो. प्राण्यांच्या पेशींचा बाह्य थर बहुतांशी भाररहित आणि त्यात कोलेस्टेरॉलही असते. म्हणून त्या बचावतात. हा मारा अनेक जातींच्या जंतूंवर चालतो, बुरशीवरही चालतो.

इतके गुण असल्यावर औषध होणारच, असे सर्वांना वाटले. मॅगेनिनच्या धर्तीवर २२ अमिनो आम्लांचे ‘पेक्सिगॅनान’ तयार झाले. ते मलमाच्या रूपाने मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांवर लावायचे होते. त्याच सुमारास माझ्या आईच्या पायाला तशीच जखम झाली होती. मी तिला म्हणालो, “आई, बेडकाचं औषध येतंय.” ती हसून म्हणाली, “इतके मारलेस, आता ते तुझ्या आईला बरं करतील होय रे?” मला उत्तर सुचले नाही. १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मान्यता नाकारली. प्रचलित औषधापेक्षा ते सरस ठरले नव्हते. आईचा अंगठा काढावा लागला. २०१६ सालच्या चाचण्यांतही ते मलम औषधविरहित मलमापेक्षा सरस ठरले नाही. बेडकाची ढाल जिवंत कातडीतल्या ग्रंथींतून गरजेच्या क्षणी पाझरते. ती डबीत भरून माणसाच्या पायाला लावणे ही निराळीच गोष्ट.

म्हणून शोध व्यर्थ गेला असे नव्हे. तेव्हापासून नाना जातींच्या बेडकांच्या कातडीतून शेकडो पेप्टाइडे मिळाली आहेत. त्यांतले एक आपल्या सह्याद्रीतले. २०१७ साली त्रिवेंद्रम आणि अटलांटा येथील संशोधकांनी एका बेडकाच्या स्रावातून काढलेल्या पेप्टाइडाने उंदरांचा एका जातीच्या फ्लूपासून बचाव केला. केरळातील लवचीक तलवारीवरून त्याला ‘उरुमिन’ म्हणतात.

त्या बेडकाची जात वेगळी ओळखून तिला २०१५ साली नाव दिले, त्या अभ्यासकांत आपल्या पुण्याचे लोक होते. विहिरीतला म्हणून ज्याला आपण हिणवले, त्याच्या या भाईबंदाचे नाव त्यांनी ठेवले ‘बहुविस्तार’.