विस्मृति आणि व्यायाम

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळली आहे, कीं वृद्धाचें विसरणें हा एखादा रोग असेल हें फारसें कोणाच्या मनांतच येत नाहीं. आजोबा एकदां घरची वाट चुकले, कीं घरचीं माणसें त्यांची काठी दृष्टीआड ठेवतात आणि दाराला कडी लावतात. हें सारें मायेपोटींच घडतें. दोष कोणाला द्यावा? परंतु वृद्धानें स्वस्थ बसावें, या मताचा इतिहास आम्हांस पाहण्यासारखा वाटतो.

त्याला आपल्याकडे आधार जुना आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत बलवानास अर्ध्या शक्तीनें व्यायाम सांगितला, आणि वृद्धानें मात्र तो वर्ज्य करावा असें तेथेंच म्हटलें. उलट रोमच्या सिसेरोनें इ. स. पू. ४४ मध्यें लिहिलेल्या वार्धक्यावरील संवादांत, रोगाशीं झगडावें तसें म्हातारपणाशीं झगडावें व मित व्यायाम करावा, असें वृद्ध केटोच्या तोंडून वदविलें.

विस्मृतीला रोग म्हणून स्वतंत्र नांव मिळालें तें फार अलीकडे. १९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळांत ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिची विचारपूस आलोइस आल्झायमर या डॉक्टरानें केली. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली. त्याच नोव्हेंबरांत ट्यूबिंगेन येथें त्यानें तिची हकीकत मांडली, आणि १९१० सालीं क्रेपेलिननें आपल्या ग्रंथांत त्या रोगास आल्झायमरचें नांव दिलें. त्या बाईचा मेंदू जगप्रसिद्ध झाला. पण तिची अखेर कशी झाली हें सहसा कोणी सांगत नाहीं. पाय पोटाशीं घेऊन ती अंथरुणांत पडून असे, आणि सर्व काळजी घेऊनहि तिच्या अंगाला शय्याव्रण झाले. बुद्धि गेल्यावर देहाचें काय करावयाचें, हा प्रश्न तेथेंच उभा होता.

त्याचें उत्तर शोधण्यास शतक लोटावें लागलें. २००३ सालीं अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथें १५३ रुग्णांना व्यायाम व त्यांच्या सांभाळणारांस शिक्षण देण्यांत आलें. रुग्णांचें शरीरस्वास्थ्य सुधारलें व खिन्नता उणावली. २०१३ सालीं फिनलंडमधील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत घरींच राहणारे २१० रुग्ण होते. कांहींच्या घरीं शिक्षक आठवड्यांतून दोनदां, तासभर, वर्षभर जात राहिला. या मंडळींची नित्याचीं कामें करण्याची शक्ति इतरांपेक्षां सावकाश घटली, आणि पडण्याचे प्रसंगहि कमी आले.

मग स्मृतीहि परत येईल काय? अशी आशा कोणास वाटली नसती? २०१८ सालीं इंग्लंडांतील ४९४ रुग्णांच्या प्रयोगाचा निकाल लागला. चार महिने देखरेखीखालीं बऱ्यापैकीं कसून व्यायाम घेतल्यानें शरीराचा दम वाढला. बुद्धीचा ऱ्हास मात्र थांबला नाहीं, उलट वर्षाअखेरच्या परीक्षेंत व्यायाम करणारे किंचित् मागेंच पडले. हा फरक फार लहान होता, तरी निकाल लपविण्यासारखा नाहीं. व्यायामानें आजोबांना नातवाचें नांव आठवेल असें घरच्यांस सांगणें म्हणजे त्यांची फसवणूक होय. पण उठून स्वतः मोरीपर्यंत जाणें, सदऱ्यांत हात घालणें, हें वर्षभर अधिक टिकलें तर तें थोडें काय? आमच्या मतें सांभाळणाऱ्या सुनेला वा पत्नीला विचारावें. उत्तर तत्काळ मिळेल.

घरीं करावयाचें तर वैद्यास विचारून, रोज ठराविक वेळीं, ओळखीच्याच रस्त्यानें, कोणी तरी सोबत चालावें. हुकूम देऊन उपयोग नाहीं. आपण उठलें कीं तेहि उठतात. दमलों हें मात्र त्यांना नेहमींच सांगतां येईल असें नाहीं. येथें सुश्रुतानें दिलेली अर्ध्या शक्तीची खूण कामास येते: श्वास तोंडावाटे येऊं लागला, कीं अर्धें बळ सरलें. तेव्हां जवळचा ओटा पाहून दोघांनीं बसावें.